आधी वाट मोकळी

॥ श्री गणेशाय नमः ॥



दर वर्षी गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळी माझ्याकडून तीन-चार पानं मागतात आणि मी एकादशीच्या प्रवचनातलं काहीबाही लिहून देतो. यंदाचा विषय सांगितला तेव्हा समितीच्या बैठकीत जरा चुळबूळ झाली. एक वहिनी म्हणाल्या, "काका, महाप्रसादाच्या पानाशेजारी हे छापायचं?" मी म्हटलं, खुशाल छापा. विषय गणपतीचाच आहे.

आपण या दहा दिवसांत अथर्वशीर्षाची आवर्तनं करतो. इथे जन्मलेल्या मुलांनाही ते पाठ आहे. उच्चार थोडे इंग्रजी वळणाचे असतील, पण पाठ आहे. त्यात गणपतीचं नित्य वास्तव्याचं ठिकाण सांगितलं आहे ते मूलाधार. हृदय नव्हे, मस्तक नव्हे. मूलाधार म्हणजे पाठीच्या कण्याच्या अगदी तळाची जागा. योगशास्त्राप्रमाणे गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधली. याच भागात अपानवायूचं राज्य. मल, मूत्र, मासिक धर्म, फार काय, बाळाला आईच्या पोटातून जगात आणणं, ही सगळी सोडून देण्याची कामं अपानाकडे. म्हणजे ज्याला आपण प्रत्येक कार्याच्या आरंभी बोलावतो, तो विघ्नहर्ता शरीराच्या कुठल्या दाराशी बसला आहे ते पाहा. अथर्वशीर्ष म्हणताना त्या ओळीवरून आपण झपाट्याने पुढे जातो. यंदा तिथे जरा थांबू या, अशी माझी विनंती आहे.

थांबायचं कारण असं. गणपती गेले की पितृपक्ष आणि पाठोपाठ नवरात्र. गेल्या काही वर्षांपासून नवरात्राच्या आधी देवळातली तरुण मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, नऊ दिवस डिटॉक्स करायचंय. नुसता हिरवा ज्यूस घेतला तर देवीला चालेल का?" जानेवारीत हाच प्रश्न परत येतो, तेव्हा त्यात देवी नसते. ख्रिसमसला खाल्लेलं सगळं तीन दिवसांत काढून टाकायचं असतं. कोणी लिंबू-तिखटाचं पाणी पितं, कोणी दुकानातून मिळणारा 'पोट साफ' चहा आणतं. त्या खोक्यावर बारीक अक्षरात सेना लिहिलेलं असतं. सेना म्हणजे आपली सोनामुखी. आजी महिन्यातून एखाद्या वेळी द्यायची, तीच.

देवीला काय चालतं ते मी कोण सांगणार? मी उलट विचारतो. "रोज सकाळी पोट साफ होतं का? लघवीला दिवसातून किती वेळा जातेस? पाणी किती पितेस? झोप किती?" पुष्कळदा उत्तर येतं, "नाही हो काका, दोन-तीन दिवस होतच नाही, म्हणून तर डिटॉक्स करायचंय!"

इथेच घोडं पेंड खातं. निघायची वाट बंद आहे आणि आपण आत धुण्याचं पाणी सोडायला निघालो आहोत.

माझी सारी नोकरी सांडपाण्याच्या कामात गेली. आधी भारतात, मग या देशात. त्यामुळे मला हा विषय घाण वाटत नाही आणि तुम्हालाही वाटू नये. तुंबलेल्या गटारात जोराच्या पाण्याची नळी सोडायची असेल तर आम्ही ती वरच्या अंगाने सोडत नाही. आधी खालच्या बाजूचं मॅनहोल उघडायचं, खालची वाट मोकळी आहे की नाही ते पाहायचं, आणि तिथून नळी प्रवाहाच्या उलट दिशेने वर न्यायची. म्हणजे सुटलेला गाळ मागे, मोकळ्या वाटेने वाहून येतो. हे न करता वरूनच पाणी सोडलं तर ते लोकांच्या न्हाणीघरात वर येतं. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली चरबी आणि ओल्या पुसण्यांचा एक गोळा सापडला होता, तो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अडीचशे मीटर लांब, सुमारे १३० टन वजनाचा. एका दिवसात तो तयार झाला नव्हता आणि एका फवाऱ्यानं निघालाही नाही. कामगारांनी कित्येक आठवडे तो फोडून काढला. (देवळाच्या स्वयंपाकघरात मोरीत तूप ओतणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.)

शरीराची रचना याहून शहाणी आहे. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर टाकतात. यकृत नको असलेल्या पदार्थांचं रूप बदलतं. त्यातले काही पित्तातून आतड्यात सोडतं, काही रक्तातून मूत्रपिंडांकडे पाठवतं. फुप्फुसं श्वासागणिक आपलं काम करतात. घामाचं मुख्य काम शरीर थंड ठेवण्याचं. म्हणजे ही सफाई जानेवारीत तीन दिवस चालत नाही, ती रात्रंदिवस चालू असते. एखादा ज्यूस शरीरातून विष ओढून काढतो याला पुरावा नाही, हे मी देवळातही स्पष्ट सांगतो. आपल्या हाती एवढंच आहे, की जे आधीच उत्तम चाललं आहे त्याची वाट अडवायची नाही.

आपल्याकडच्या एका माणसानं हे आयुष्यभर करून दाखवलं. गाडगेबाबा. जन्म १८७६, निर्वाण १९५६. हातात खराटा घेऊन बाबा गावात शिरायचे. दिवसभर रस्ते, गटारं, उकिरडे साफ करायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहायचे. माझे आजोबा सांगायचे, की लोकांना आधी वाटायचं हा कोणी वेडा आहे, आणि रात्री तोच माणूस कीर्तनात उभा दिसला की ओशाळायचे. क्रम लक्षात घ्या. आधी गटार, मग कीर्तन. समर्थांनीसुद्धा दासबोधाच्या अकराव्या दशकात दिनचर्या सांगताना सकाळच्या शौचाचा उल्लेख टाळलेला नाही. आपणच अलीकडे जास्त सोवळे झालो आहोत.

आता आयुर्वेदाकडे येतो. 'पंचकर्म' हा शब्द आता इथल्या हॉटेलांच्या जाहिरातींतही दिसतो. शनिवारी सकाळी जायचं, रविवारी संध्याकाळी शुद्ध होऊन परत. जुन्या ग्रंथांना हे चालणार नाही. वमन किंवा विरेचन हे प्रधानकर्म, आणि त्याच्या आधी पूर्वकर्म. आधी पाचक औषधांनी अग्नी ठीक करायचा. मग औषधी तूप किंवा तेल पोटातून द्यायचं, ज्याचा कोठा मऊ त्याला तीन दिवस, ज्याचा कठीण त्याला सात दिवसांपर्यंत. मग अंगाला तेल आणि शेक. एवढं झाल्यावर विरेचन. यामागचा विचार असा, की अंगभर पसरलेले दोष आधी सुटे व्हावेत, पातळ व्हावेत, स्रोतसांची तोंडं उघडावीत, आणि ते आपल्या पायांनी कोठ्यात यावेत. मग त्यांना ढकलावं लागत नाही, नुसता दरवाजा दाखवावा लागतो.

वाग्भटांनी अष्टांगहृदयात यासाठी एक दृष्टान्त दिला आहे. कच्च्या फळातून रस काढायला गेलात तर रस मिळत नाहीच, फळाचा मात्र नाश होतो. न पिकलेले दोष जबरदस्तीनं काढणं हे तसंच. दुसरा दृष्टान्त वाळक्या लाकडाचा. तेल लावून, शेकून घेतलं तर वाळकी काठीसुद्धा वाकवता येते, आणि तसं न करता वाकवली तर मोडते. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना माणसाची घाई चांगलीच ठाऊक होती.

हे वाचून कोणी घरच्या घरी तूप प्यायला लागू नका, एवढी काळजी घ्या. खरं पंचकर्म शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखालीच करायचं असतं आणि ते सगळ्यांसाठी नसतं. मला त्यातला क्रम हवा आहे. तो क्रम तुम्ही-आम्ही रोजच्या आयुष्यात, एक पैसा न खर्चता पाळू शकतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा सातवा अध्याय आहे, 'नवेगान्धारणीय' नावाचा. वेग धरून ठेवू नयेत असं सांगणारा. वेग म्हणजे शरीराची हाक. चरकांनी असे तेरा वेग मोजले आहेत: लघवी, शौच, शुक्र, खालून सरणारा वारा, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमानंतरची धाप. मी प्रवचनात ही यादी वाचतो तेव्हा वाऱ्यापाशी मुलं खुदकन हसतात आणि आया डोळे वटारतात. हसू द्या त्यांना. त्या हसण्यानं विषय घरात तरी येतो.

शौचाचा वेग दाबला तर काय होतं, तेही तिथे दिलं आहे. पोटात कळ, डोकेदुखी, पोटफुगी आणि पोटऱ्यांत गोळे. आता आपल्या दिवसाकडे पाहा. आपल्या देवळात नर्सताई आहेत, बारा तासांच्या पाळीत त्यांना एकदा बाथरूमला जायची फुरसत मिळत नाही, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. बस चालवणारे आहेत, फेरी पुरी होईपर्यंत उठता येत नाही. ऑफिसवाल्यांच्या मीटिंगा एकीला एक लागून असतात. आणि मुलं! बालसंस्कार वर्गातल्या एका आईनं मला सांगितलं, की तिचा आठ वर्षांचा मुलगा शाळेत पाण्याच्या बाटलीला हातच लावत नाही. का, तर शाळेचं टॉयलेट घाणेरडं आहे आणि वर्ग चालू असताना हात वर करायची लाज वाटते. तो घरी येईपर्यंत सगळं धरून ठेवतो. मग शौचाला खडा होतो, दुखतं, म्हणून तो आणखी धरतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवायला डॉक्टरांनाही महिने लागतात.

त्या आईला मी विचारलं, "आपल्या वर्गात मुलांना मध्येच उठून जाऊ देतो का आपण?" ती गप्प झाली. आपणही 'श्लोक संपू दे, मग जा' म्हणतो. आरती चालू असताना तर मूल चुळबुळलं की चापटी बसते. या वर्षीपासून बालसंस्कार वर्गाचा पहिला नियम ठरला आहे: उठायचं असेल त्यानं विचारायचंही नाही, जाऊन यायचं. बाप्पा मूलाधारात बसलेले आहेत, त्यांना राग यायचं कारण नाही.

बाकीचे उपाय तुम्हाला माहीत आहेत, म्हणून भरभर सांगतो. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, आणि घाई न करता दहा मिनिटं. फोन बाहेर ठेवून. इथल्या कमोडवर बसताना पायांखाली लहानसं स्टूल घेतलं तर गुडघे कमरेच्या वर येतात, आपल्या जुन्या उकिडव्या बैठकीजवळ जातो आणि जोर करावा लागत नाही. थंडीत हीटर चालू असतो, तहान लागत नाही, तरी पाणी प्यायचं. चालायचं. जेवणात तंतू हवेत. या देशात मोठ्या माणसाला दिवसाला ३० ग्रॅम तंतू खायला सांगतात. बहुतेकांच्या पोटात तेवढे जात नाहीत, आपल्या पांढऱ्या भाताच्या आणि मैद्याच्या नानच्या घरांत तर नाहीच. पालेभाजी, सालीसकट मूग, ज्वारी-बाजरीची भाकरी आता इथेही मिळते. तंतू वाढवाल तसं पाणीही वाढवा, नाहीतर उलटंच होईल. आणि तो सोनामुखीचा चहा सलग आठवडाभराहून अधिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

एक गोष्ट मात्र भरभर सांगून चालणार नाही. वयाच्या ५० ते ७४ या काळात दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्य खात्याकडून घरी एक लिफाफा येतो. त्यात आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचा संच असतो. शौचाचा छोटासा नमुना एका काडीवर घ्यायचा, बाटलीत घालायचा आणि पोस्टात टाकायचा, पैसे लागत नाहीत. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात कळतं. आपल्या दक्षिण आशियाई समाजात हा संच परत पाठवण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे. मला कारण ठाऊक आहे, कारण घराघरांतून मी ते ऐकलं आहे. "शी, असलं काय पोस्टानं पाठवायचं!" एका घरी हा लिफाफा चपलांच्या कपाटात ठेवलेला मी पाहिला, दोन वर्षांपूर्वीचा. घरचे आजोबा रोज त्रिकाळ संध्या करणारे. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, संध्येआधी शौच सांगितलं आहे ना? मग त्याकडे एकदा नीट बघण्यात विटाळ कसला?" ते हसले आणि नातवाला सूचना इंग्रजीतून वाचून दाखवायला सांगितलं. शौचाची सवय अचानक बदलली आणि काही आठवडे तशीच राहिली, रक्त दिसलं, वजन कारण नसताना उतरलं, तर कुठलाही काढा करत बसू नका, जीपीकडे जा. वय कितीही असो.

आता उपवास. आपल्या आचाराचा क्रम बघा: दशमीला एकभुक्त, एकादशीला उपवास, द्वादशीला पारणं. तीन दिवसांचा संच आहे तो. आपण मधला दिवस तेवढा ठेवला आणि अलीकडचा-पलीकडचा सोडून दिला. दशमीच्या रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाचं तळकट जेवण, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, आणि द्वादशीला सकाळी सकाळी श्रीखंड-पुरी. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, तंतू जवळजवळ नाहीतच. शिवाय तो ज्या कंदापासून होतो तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, मिरचीही तिकडचीच. ज्ञानोबा-तुकोबांच्या काळची एकादशी आपल्या ताटातल्या एकादशीसारखी खास नव्हती. मी खिचडीच्या विरुद्ध नाही, मलाही आवडते. पण नऊ दिवस नुसता साबुदाणा, बटाटा आणि चहा घेऊन सहाव्या दिवशी 'पोट जड झालं' म्हणायचं आणि वर रेचक चहा प्यायचा, याला उपवास कसं म्हणायचं? राजगिरा, रताळं, पपई, काकडी, ताक हे सगळं उपवासाला चालतं.

नवरात्र धरणाऱ्यांनी चार दिवस आधीपासून जेवण हलकं करावं, पोट नियमित करावं, चहा-कॉफी हळूहळू कमी करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची वेळ येत नाही. सोडतानाही तसंच. शोधन झाल्यावर आयुर्वेदात संसर्जन क्रम असतो: आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मुगाचं कढण, असं करत तीन, पाच किंवा सात दिवसांत नेहमीच्या जेवणावर यायचं. म्हणून दसऱ्याला देवळात यंदा आधी मऊ भात आणि मुगाचं वरण असेल, जिलबी नंतर. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आहे, रक्तदाबाची औषधं आहेत, ज्या भगिनी गरोदर आहेत किंवा अंगावर पाजत आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. देवी आई आहे. आईला उपाशी लेकरू चक्कर येऊन पडलेलं आवडत नाही.

इथवर शरीर झालं. पण चरकांचा तो अध्याय इथे संपत नाही, आणि मला खरी गोडी पुढेच आहे. शरीराचे वेग धरू नका, असं सांगून झाल्यावर ते लगेच दुसरी यादी देतात: हे वेग मात्र धरा. मनाचे लोभ, शोक, भय, क्रोध, अहंकार, निर्लज्जपणा, मत्सर वगैरे. वाणीचे म्हणजे कठोर बोलणं, फार बोलणं, चहाडी, खोटं आणि अवेळी बोलणं. देहाचे म्हणजे दुसऱ्याला पीडा, चोरी, हिंसा. एकाच अध्यायात दोन याद्या, शेजारी शेजारी. आणि आपण काय करतो? समितीच्या तीन तासांच्या बैठकीत लघवी धरून ठेवतो आणि जीभ सोडून देतो!

श्रोते हसतात, आणि मग कोणीतरी नेमकी शंका काढतं. एकदा एका मुलीनं विचारलं, "काका, शोक धरायच्या यादीत आहे आणि अश्रू सोडायच्या यादीत. मग रडायचं की नाही?" प्रश्न मोठा आहे. मी त्यावर पुष्कळ दिवस विचार केला. मला असं वाटतं, की डोळ्यांत आलेलं पाणी हा शरीराचा वेग आहे, लघवी-शौचासारखाच. ते आलं की जाऊ द्यायचं. शोक धरायचा म्हणजे त्याच्या लाटेबरोबर स्वतः वाहून जायचं नाही. लगाम शोकाला आहे, अश्रूंना नाही. आपण परदेशात राहणारी माणसं बहुधा उलटं करतो. अश्रू अडवतो आणि शोक वर्षानुवर्षं आत पाळतो.

आपल्या देवळात येणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांची आई गावी गेली. त्या दिवसांत जाणं-येणं बंद झालं होतं. त्यांनी अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिला, मध्येच चित्र अडकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते कामाच्या कॉलवर हजर होते. बायको-मुलांना त्रास नको म्हणून घरी रडले नाहीत, गावच्या भावाला आणखी त्रास नको म्हणून फोनवर रडले नाहीत. पुढे छातीत जड वाटायचं, जेवणावरची वासना गेली, चक्कर यायची. डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते ठीक निघालं. चरकांनी अश्रू दाबल्यानं होणारे विकार सांगितले आहेत: पडसं, डोळ्यांचे रोग, हृदयाचा विकार, अरुची, भोवळ. मी ते वाचतो तेव्हा दर वेळी मला हे गृहस्थ आठवतात.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला विसर्जन आटोपल्यावर ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "काका, दहा दिवसांच्या मौन शिबिराला नाव घालतोय. मन एकदा आतून साफ करून टाकायचं." मी शिबिराविरुद्ध काही बोललो नाही. एवढंच विचारलं, की आई गेल्यावर एकदा तरी रडलात का. ते म्हणाले, "वेळच आली नाही."

चरकांनी या वेगावर उपाय तीन सांगितले आहेत. झोप, मद्य आणि प्रिय कथा, म्हणजे मनाला आवडणाऱ्या गोष्टी बोलणं-ऐकणं. मधल्या उपायाबद्दल देवळाच्या स्मरणिकेत मी काही लिहीत नाही. पहिला ज्याचा त्यानं घरी करावा. तिसरा आपण इथेच करू, असं म्हणून मी दोन खुर्च्या ओढल्या. हॉल रिकामा होत आला होता, सतरंज्या गुंडाळल्या जात होत्या, निर्माल्याच्या पिशव्या दाराशी होत्या. मी म्हटलं, "आई मोदक कशी करायची, सांगा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कळ्या मोजायची. अकरापेक्षा कमी आल्या की मोडून परत करायची. आम्ही भुकेनं कावून जायचो. मी एकदा चिडून म्हटलं, बाप्पा काय मोजणारेत का? तर म्हणाली, बाप्पा नाही रे, मी मोजते." आणि तिथे त्यांचा आवाज फुटला. मग एकातून एक निघत गेलं, उकडीचा वास, तांब्याचं मोदकपात्र, तिच्या बोटांना बसलेले चटके.

हॉल बंद करणारा माणूस किल्ल्या वाजवत दारात आला होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं. त्यानं एकदा आमच्याकडे पाहिलं, मागचे दिवे तेवढे मालवले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला.